आप्पांना जाऊन वर्ष होतंय, ज्याला जे आठवतंय ते इथं लिहा

विंगेतून
नमस्कार मंडळी. येत्या श्रावणात आप्पांना जाऊन वर्ष होईल. पूर्ण नाव लिहीत नाही, त्यांना स्वतःला पेपरात नाव आलेलं सुद्धा अवघड वाटायचं आणि घरच्यांचंही तेच म्हणणं आहे, पण सांगली-मिरजेत हौशी नाटक केलेल्या कुणालाही नुसतं आप्पा म्हटलं तरी कळतं आणि एसटी डेपोतल्या लोकांना तर कळतंच कळतं. वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तालमीच्या खोलीत जमणार आहोत. भाषणं नकोत, हार नकोत, फक्त प्रत्येकाने लिहिलेलं वाचायचं असं ठरलंय, म्हणून हा धागा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी एसटीत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा आप्पा कंडक्टरचे कंट्रोलर झालेले होते, स्टँडवर त्या काचेच्या केबिनीत माईकसमोर बसायचे. मला तोपर्यंत नाटकातलं ओ की ठो माहीत नव्हतं. एकदा माझी रजा नामंजूर झाली म्हणून मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो, पाच-सात मिनिटं बोलत सुटलो, आणि त्यांनी मला एकदाही मधे तोडलं नाही, मान पण हलवली नाही, नुसतं ऐकलं. बोलून झाल्यावर म्हणाले, "तू शेवटचं वाक्य पहिल्यांदा बोलला असतास तर साहेबानी रजा दिली असती. संध्याकाळी तालमीला ये." तसा मी नाटकात आलो. पुढची बावीस वर्षं आलो.

आप्पांविषयी मला एकच गोष्ट ठामपणे म्हणायचीय, की ते आपल्या भागातले सगळ्यात मोठे नट होते असं नाही, त्यांच्यापेक्षा आवाजानं, रूपानं, पाठांतरानं सरस असे चार-पाच जण मीच बघितलेत, पण स्टेजवर समोरच्याचं *ऐकणारा* नट मी दुसरा बघितला नाही. आपण वाक्य बोलतोय आणि ते पहिल्यांदाच ऐकतायत असं चाळिसाव्या प्रयोगाला पण वाटायचं. त्यामुळं त्यांच्यासमोर उभं राहिलेला प्रत्येक जण बरा दिसायचा. बक्षीस त्या समोरच्याला मिळायचं. आप्पांना राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक कधी मिळालं नाही, गुणवत्ता प्रमाणपत्रं दोन आहेत, ती घरी ट्रंकेत आहेत.

लिहा सगळ्यांनी. शुद्धलेखन बघू नका.

फलाट_चार
मी ड्रायवर होतो, आप्पांबरोबर लई ड्यूट्या केल्यात. ते कंट्रोलर व्हायच्या आधीचं सांगतो. स्पर्धा जवळ आली की सगळे आर्टिस्ट लोक मुक्कामी गाडी नको म्हणत्यात, तालमी बुडत्यात म्हणून, आणि आप्पा आठवड्यातली एक मुक्कामी मुद्दाम मागून घ्यायचे, जत तालुक्यातली, पार कर्नाटकच्या हद्दीपाशी जाणारी. मला आधी कळंना की हा माणूस असं का करतोय. मग कळलं की गाडी रात्री गावात लागली, वेबिल लिहून झालं, पेटी बंद केली, जेवण झालं की ते देवळात जाऊन बसायचे आणि सगळं नाटक, निस्तं स्वतःचंच नाही बरं का सगळ्यांचंच, एकट्यानं म्हणायचे. मी तिथंच वाकळंवर पडलेला असायचो. गावातली चार म्हातारी माणसं येऊन बसायची. त्यातली निम्मी घरात कानडी बोलणारी. त्यांना मराठी समजायचं पण नाटकातलं जुनं मराठी कुठलं कळतंय, तरी बसायची. एका म्हाताऱ्यानं एकदा मधीच सांगितलं की त्या सावकाराचं बोलणं तुम्ही फार लवकर संपवताय, सावकार असा घाईत बोलत नसतोय, त्याला कुठं जायचं असतंय? आप्पांनी तिथल्या तिथं ते बदललं. आणि सांगलीला आल्यावर डायरेक्टरला सांगितलं पण कुणी सुचवलं त्याच्यासकट, तमक्या गावच्या आजोबांनी सांगितलंय म्हणून.

पहाटे साडेपाचला गाडी सुटायची तेव्हा चेहऱ्यावर जागरण दिसायचं नाही कधी.

तिसरी_घंटा
हे वाचून गलबलून आलं. मी त्यांच्याबरोबर 'शारदा' केलंय. संगीत नाटकांच्या स्पर्धेला आम्ही उतरलो होतो, आप्पा कांचनभट आणि मी इंदिराकाकू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ चं, म्हाताऱ्या श्रीमंताला पैशासाठी मुलगी देणारा बाप म्हणजे कांचनभट. आणि देवल आपल्या हरिपूरचे, त्यामुळं सांगलीत हे नाटक करायचं म्हणजे घरच्यासमोर गाणं म्हणण्यासारखं, चुकलं की पहिल्या रांगेतल्या माणसाला कळतं.

भावे नाट्यमंदिरात प्रयोग होता. नवऱ्याला जाब विचारायचा माझा प्रवेश, आणि मी कोरी. म्हणजे काहीच आठवेना. विंगेतला प्रॉम्प्टर वाक्य देतोय हे मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं, कानात नुसता वारा. दुसरा कुणी असता तर त्यानं माझं वाक्य स्वतःच्या तोंडानं बोलून प्रवेश पुढं ढकलला असता, सगळे तसंच करतात. आप्पांनी काय केलं, तर खांद्यावरचं उपरणं काढलं, मांडीवर घेतलं आणि त्याची घडी घालायला लागले. सावकाश. काठाला काठ जुळवून. बायको काय बोलणार हे ठाऊक असलेला आणि ते ऐकायची लाज वाटणारा माणूस जशी घालेल तशी. आणि अर्धी घडी झाल्यावर एकदाच माझ्याकडे वर बघितलं. त्या बघण्यात "बोल गं" असं काहीतरी होतं आणि मला वाक्य आलं. त्याच्यामागून सगळंच आलं, मी त्या प्रवेशात जशी बोलले तशी परत कधी बोलले नाही.

प्रयोग झाल्यावर एक परीक्षक आत येऊन म्हणाले की ती उपरण्याची जागा फार सुंदर बसवलीय. आप्पा म्हणाले, "ती बाईंची जागा आहे, त्यांनी थांबायचं ठरवलंय." मला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं त्या वर्षी. मी विसरले होते हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आमच्या डायरेक्टरला पण नाही. आज मीच पहिल्यांदा सांगतेय.

हळद_पेठ
ताई फार सुंदर लिहिलंत. एक शंका, ह्या नाटकामुळंच पुढं शारदा कायदा आला ना? बालविवाहाचा? शाळेत असं काहीतरी ऐकलेलं.

विंगेतून
@हळद_पेठ नाही, आणि हा प्रश्न आप्पांना कुणी विचारला की ते खूश व्हायचे कारण त्यांना उत्तर द्यायला आवडायचं. तो १९२९ चा कायदा हरबिलास सारडा यांनी मांडला म्हणून त्यांच्या नावानं ओळखला जातो, सारडाचं आपल्याकडं शारदा झालं. मुलीचं वय कमीत कमी १४ आणि मुलाचं १८ असं त्यात होतं. नाटक त्याच्या आधी तीस वर्षं. पण आप्पा पुढं असं म्हणायचे, की तीस वर्षं लोकांनी थेटरात बसून त्या पोरीसाठी डोळं पुसलं होतं, म्हणून कायदा आला तेव्हा नाव ऐकून सगळ्यांना आपली शारदाच आठवली, चूक आहे पण चांगली चूक आहे. मला हे पटतं.

माहेर_तासगाव
मी नाटकवाली नाही, लिहू का असा विचार करत होते. पण आप्पा आमचे कंडक्टर होते.

मी तासगावजवळच्या एका खेड्यातून सांगलीला कॉलेजला यायचे, सकाळी पावणेसातची गाडी, पास होता. दारामागच्या सीटवर बसायचे. एक दिवस त्यांनी दोनशे पानी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरी, वाचता येतंय न्हवं नीट? मी चुकलो की मला थांबव." गाडीत तिकिटं काढत काढत, चिमट्यानं तिकीट टोचत टोचत ते वाक्यं म्हणायचे आणि मी वहीवर बोट ठेवून बघत राहायचे. कवलापूर येईस्तोवर पहिला अंक झालेला असायचा. भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका, दुधाच्या किटल्यावाले, सगळे ऐकायचे. एखाद्या दिवशी ते गप्प असले तर कुणीतरी विचारायचंच की काय ओ आज त्या सुनेचं पुढं काय झालं सांगितलं न्हाईसा. मला नाटकातलं प्रॉम्प्टर म्हणजे काय हे नंतर कळलं, मी आधीच होऊन गेले होते.

मुख्य गोष्ट वेगळी आहे. त्या गाडीत कॉलेजची काही पोरं मला त्रास द्यायची, मागून काहीतरी बोलायची, मी घरी सांगितलं नव्हतं कारण घरी कळलं असतं तर कॉलेजच बंद झालं असतं. आप्पांना पण मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी वही माझ्या हातात दिली ती त्याच आठवड्यात. वही हातात आल्यापासून मी "आप्पांचं काम करणारी पोरगी" झाले आणि ते सगळं आपोआप बंद झालं. हे त्यांनी ठरवून केलं का मला ठाऊक नाही. मी विचारायला पाहिजे होतं. मी आज हायस्कूलला शिक्षिका आहे. त्यांची बातमी मला दोन महिन्यांनी कळली ह्याचं वाईट वाटतं.

फलाट_चार
@माहेर_तासगाव ताई ठरवूनच केलंय. मला सांगितलेलं. "त्या पोरीला दारामागची जागा धरून ठेव कुणाला बसू देऊ नगोस" असं मला सांगून ठेवलंतं त्यांनी. तुमच्या जागेवर रुमाल टाकायचो तो मी.

माहेर_तासगाव
🙏 तो निळा रुमाल. दादा, मला आज कळतंय.

नेपथ्यवाला
मी लेव्हल, फ्लॅट, खिळे, दोऱ्या ह्या खात्यातला. मला अभिनयातलं कळत नाही पण पुराचं सांगतो कारण ते कुणी लिहिणार नाही.

२०१९ चा ऑगस्ट. आमची तालमीची खोली गावभागात, जमिनीलगत. आमच्याकडं भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवलेली होती, २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलतं, त्याच्यावर कधी जाणार नाही असं सगळ्या सांगलीनं धरलेलं. म्हणून आम्ही ड्रेपरीच्या ट्रंका, डिमर, स्पॉट, संहितांचं कपाट, सगळं त्या रेघेच्या हातभर वर माळ्यावर चढवून कुलूप लावून गेलो. आणि यावेळी पाणी ५७ च्या वर. धोक्याची पातळी ४५, म्हणजे बघा. सात-आठ दिवस आत कुणाला जाता आलं नाही.

पाणी उतरल्यावर मी, आप्पा आणि दोन पोरं गेलो. दार उघडेना, आतनं चिखलानं दाबलेलं. मी खरंच खाली बसलो. चौतीस वर्षांचे फ्लॅट होते, कापड कुजलेलं, लाकूड फुगलेलं. आप्पा तेव्हा रिटायर झालेले, गुडघे दुखायचे, ते सरळ आत शिरले, कपाट उघडून संहिता बाहेर काढल्या आणि घरी घेऊन गेले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी आणि वहिनींनी मिळून एक एक पान सुटं करून, पानापानात रद्दीचा पेपर घालून, पंख्याखाली वाळवलं. त्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी येऊन गेलेलं, ते धुवायचं सोडून. जी पानं वाचता येत नव्हती ती आप्पांनी तोंडपाठ सांगितली आणि वहिनींनी लिहून घेतली. म्हणजे ते फलाट_चार म्हणतायत ना की ते सगळ्यांचीच वाक्यं पाठ करायचे, त्याचा उपयोग हा असा झाला. आज आपल्या संस्थेकडं ज्या जुन्या अकरा संहिता आहेत त्यातल्या चार वहिनींच्या अक्षरात आहेत.

सेन्सॉरचे शिक्के असलेल्या मूळ प्रती गेल्या त्या गेल्याच.

कृष्णाकाठचा
सगळं खरं आहे आणि वाचून बरं वाटतंय. पण मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. मी पुण्यात असतो आता, व्यावसायिकला बॅकस्टेज करतो. मला कायम वाटत आलंय की आप्पांनी बाहेर पडायला पाहिजे होतं. त्यांना विचारणा आली होती, एकदा नाही दोनदा, एका मालिकेत चांगला चार-सहा महिन्यांचा रोल होता. त्यांनी नाही म्हटलं. सांगलीला नाट्यपंढरी म्हणायचं, पाच नोव्हेंबरला भावे पदक द्यायचं, तिथं मोठमोठी माणसं येऊन नमस्कार करून जाणार, आणि इथला माणूस आयुष्यभर फलाटावर. हे मला बघवत नव्हतं. आपण सगळ्यांनी त्यांना "आमचे आप्पा" म्हणून अडकवून ठेवलं असं मला आजही वाटतं.

विंगेतून
राग कसला. तू त्यांच्यावर किती जीव लावलास ते मी बघितलंय, हॉस्पिटलात रात्री तूच होतास.

पण "अडकवलं" हे मला मान्य नाही. त्या विचारणेच्या वेळी मी होतो. त्यांनी नाही म्हटलं त्याचं कारण ते कुणाला सांगत बसले नाहीत, त्यांच्या आई अंथरुणाला होत्या आणि दुसरं म्हणजे नोकरीची सहा वर्षं राहिलेली, पेन्शनीचा, घराच्या हप्त्याचा हिशोब होता. हौशी नटाचं हेच असतं, दिवसा ड्युटी, रात्री तालीम, स्पर्धेच्या तारखा आल्या की रजेसाठी बदली शोधत फिरायचं, बायकोचे दागिने एकदा तरी नाटकासाठी गहाण. कामगार कल्याणची स्पर्धा, एसटीची स्वतःची खात्याअंतर्गत स्पर्धा, राज्य नाट्य, ह्या तीन दोऱ्यांवर आपल्यासारख्या गावातलं नाटक उभं आहे. राज्य नाट्य १९५४ पासून चालू आहे, विचार कर, किती गावांतले किती शिक्षक, तलाठी, कंपाउंडर, कंडक्टर त्या रंगमंचावर उभे राहिले असतील. ते सगळे "बाहेर न पडलेले" नव्हेत रे. ते तिथं असायलाच पाहिजे होते.

तरी एक कबूल करतो. ती मालिका लागायची तेव्हा ते केबिनीतल्या टीव्हीवर बघायचे. तो रोल करणाऱ्या नटाचं कौतुक करायचे, मनापासून. मग थोडा वेळ कुणाशी बोलायचे नाहीत.

कृष्णाकाठचा
हे मला माहीत नव्हतं. आईंचं.

भडंग_आणि_चहा
मी तेव्हा सातवीत. पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला त्यांनी आमच्या शाळेत पोरांना जुनं नाटक कसं असायचं ते करून दाखवलं होतं. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरनं इथं सांगलीत सीतास्वयंवर केलं, तेव्हा लिहिलेले संवाद नसायचे, सूत्रधार मागं उभा राहून पदं म्हणायचा आणि पात्रं त्यावर आपापल्या मनानं बोलायची, हे सगळं सांगितलं. आणि मग राक्षस कसा यायचा ते दाखवतो म्हणून दाराबाहेर गेले आणि "अलल्डुर्रर्र" असा आवाज काढत आत आले, नुसत्या पांढऱ्या शर्टात, तोंडाला काही न लावता, आणि खरं सांगतो पहिल्या रांगेतली पोरं बाकावरनं पळाली. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची आरोळी, ती तशीच आली आमच्यापर्यंत.

त्यानंतर आम्ही पोरं स्टँडवर गेलो की केबिनीच्या काचेवर टकटक करून अलल्डुर्र म्हणायचो. कामात असले तरी एकदा तरी डोळे मोठे करून बघायचेच. माझा मुलगा आज ते करतो, त्याला मी शिकवलंय. त्यानं आप्पांना बघितलेलं नाही.

एकांकिका_पोरं
आम्ही शेवटची बॅच म्हणायला हरकत नाही. आप्पा प्रेमळ होते वगैरे सगळं खरं पण तालमीला कडक होते हे पण लिहायला पाहिजे. मोबाईल वाजला की तालीम बंद, दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. आमच्यातल्या एका मुलाला त्यांनी सलग तीन रविवार वाक्यच दिलं नाही, म्हणाले स्टँडवर जाऊन बस, दोन माणसांचं भांडण ऐक, दोन बायकांचं बोलणं ऐक, येऊन मला सांग कोण कुठं *थांबलं*. काय बोलले ते नको. तो वैतागला, सोडून जाणार होता. तिसऱ्या रविवारी आला आणि सांगितलं की एक आजी मुलाला गाडीत बसवून देताना "पोचलास की फोन कर" हे चार वेळा म्हणाली आणि पाचव्यांदा काहीच न म्हणता खिडकीच्या गजाला हात लावून उभी राहिली. आप्पा म्हणाले, "आता उभा रहा स्टेजवर."

२०२० च्या मार्चअखेर शंभरावं नाट्यसंमेलन सांगलीतनं सुरू व्हायचं होतं, आठवतंय ना सगळ्यांना. आमची एकांकिका तयार होती, आप्पांनी तिच्यात दोन मिनिटांचा पोस्टमन घेतला होता. 'संशयकल्लोळ' मधला भादव्या इतक्यांदा गाजवलेला माणूस, आम्हाला म्हणाला मला तो पोस्टमन द्या. लॉकडाऊन लागला, सगळं थांबलं. लॉकडाऊनमध्ये रोज संध्याकाळी सात वाजता एकेकाला फोन करायचे, "वाक्य म्हण." माझे वडील त्या काळात गेले. त्या दिवशी पण सातला फोन आला. मी उचलला आणि काहीच बोललो नाही. ते पण बोलले नाहीत. बराच वेळ तसेच दोघं फोन धरून होतो, मग ते म्हणाले "उद्या करतो", आणि केला.

ती एकांकिका पुढं झाली, पोस्टमन त्यांनीच केला, मास्क लावलेल्या चाळीस माणसांसमोर.

तिसरी_घंटा
एक राहिलं होतं. एका संस्थेनं ज्येष्ठ रंगकर्मींचा सत्कार ठेवला होता, संस्था कोणती ते लिहीत नाही, पत्रिकेत आप्पांचं नाव होतं आणि ऐनवेळी बोर्डवर नव्हतं. कुणाच्या तरी सोयीसाठी गाळलं. आम्ही चिडलो, उठून जाऊ म्हणालो. आप्पा शेवटपर्यंत तिसऱ्या रांगेत बसून होते आणि ज्यांचा सत्कार झाला त्या प्रत्येकाला विंगेत जाऊन भेटले. मला राग आजही आहे. त्यांना नव्हता हे मी बघितलंय, पण माझा मी सोडणार नाही.

नेपथ्यवाला
माझाही नाही सोडणार.

आप्पांची_लेक
नमस्कार. मी आप्पांची मुलगी. गेले तीन दिवस रोज रात्री आईला हे सगळं वाचून दाखवतेय. उपरण्याची गोष्ट आईला पण माहीत नव्हती, ती म्हणाली अगदी घरी पण तसंच करायचे, मी भांडायला लागले की टॉवेलाची घडी घालत बसायचे. निळ्या रुमालाचं वाचल्यावर म्हणाली तो रुमाल हरवला म्हणून मी त्यांना बोलले होते.

@नेपथ्यवाला काका, चार नाही पाच संहिता आहेत आईच्या अक्षरात. पाचवी अजून घरीच आहे, देते.

एक विनंती आहे. आमच्याकडं नाटकांचे फोटो आहेत, दोन-तीन प्रयोगांची शूटिंगं पण आहेत. पण त्यांचा स्टँडवरचा आवाज कुणाकडं आहे का? ते माईकवर गाडी सांगायचे तो. आईला तो ऐकायचाय. आमचं घर जवळच, तिन्ही सांजेला वारं इकडचं असलं की स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि आई त्यावर कुकर लावायची, जतची शेवटची सांगितली की अर्ध्या तासात घरी येणार म्हणून. कुणी कधी मोबाईलवर वगैरे घेतलेलं असेल तर बघा.

विंगेतून
ताई, मी आज दिवसभर शोधलं, डेपोत पण सगळ्यांना विचारलं. कुणाकडं नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट कुणी रेकॉर्ड करत नाही हो. त्यांच्यानंतर तिथं रेकॉर्डेड अनाउन्समेंट आली.

पण शब्द मला पाठ आहेत. "सांगलीहून मिरज, शिरढोण, कवठेमहांकाळमार्गे जतला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. प्रवाशांनी लाभ घ्यावा. ही जतची शेवटची गाडी आहे."

फलाट_चार
"लाभ घ्यावा" नाय म्हणायचे. ते दुसरे साहेब म्हणायचे. आप्पा "बसून घ्यावं" म्हणायचे. आणि मिरज झालं की थोडं थांबायचे, मिरजेला जाणारी लोकं उठतील तेवढं. मग एकदा कानडीत पण सांगायचे जतच्या लोकांसाठी, ते मला लिहिता येत न्हाई.

माहेर_तासगाव
आणि शेवटची गाडी असली की ते वाक्य दोनदा असायचं. पहिल्यांदा सगळ्या स्टँडला. दुसऱ्यांदा हळू, समोर उभ्या असलेल्या एकाच माणसाला सांगितल्यासारखं. गेटातून पळत येणाऱ्यांसाठी.

एकांकिका_पोरं
हो हो. आम्ही ते नक्कल करून बघायचो, जमायचं नाही.

आप्पांची_लेक
आई म्हणतेय दुसऱ्यांदा शेवटी "बरं का" होतं.

फलाट_चार
होतं. "ही जतची शेवटची गाडी आहे बरं का." असं.

विंगेतून
होतं. लिहून घेतलं. शनिवारी फलाट_चार वाचतील, कानडीसकट, संध्याकाळी सहाला. तासगावच्या ताई, तुम्ही या, दारामागची खुर्ची धरून ठेवतो.